दोन रकान्यांत न मावणारी वीज

शाळेत विजेचा धडा सुरू झाला की फळ्यावर मधोमध एक उभी रेघ येते. डावीकडे वाहक: तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम. उजवीकडे रोधक: काच, रबर, चिनी माती, सुकं लाकूड. मुलं तक्ता पाठ करतात आणि 'गटात न बसणारा शब्द ओळखा' या प्रश्नात मार्कही मिळवतात. सुरुवात म्हणून ते ठीक आहे. पण निसर्गाने अशी रेघ कुठेच ओढलेली नाही, आणि हे मुलांना दाखवायला गणपतीपुळ्यासारखं गाव शोधून सापडायचं नाही.

इथे देऊळ डोंगराच्या पायथ्याशी आणि समोर थेट समुद्र. वाऱ्यावर खाऱ्या पाण्याचे तुषार येत राहतात आणि मीठ सगळ्यावर बसतं. खिडकीच्या गजांवर, पत्र्यांवर, तसंच विजेच्या खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर. तारेतले ११ हजार व्होल्ट आणि लोखंडी खांब यांच्यामध्ये उभा असतो तो एवढासा इन्सुलेटर. त्याला एकाखाली एक पसरट कडा असतात. पावसातही कडेखालचा भाग कोरडा राहावा, आणि पृष्ठभागावरून खांबापर्यंत यायला विजेला लांबचा वळसा पडावा, यासाठी ती रचना. मीठ कोरडं आहे तोवर काही बिघडत नाही. पहाटेचं दव पडलं किंवा मृगाआधीची बुरबुर आली, की मिठाचा पातळ ओला थर तयार होतो. त्यातून वीज झिरपायला लागते, चरचर ऐकू येते, अंधारात ठिणग्या दिसतात आणि कधी लाईनच बंद पडते. पुढे धो-धो पाऊस लागला की तोच हे मीठ धुऊन नेतो. चिनी माती होती तशीच असते. तिच्यावरून जाणारी वाट तेवढी बदललेली असते.

ही उभी रेघ पहिल्यांदा ओढली गेली १७२९ मध्ये, इंग्लंडात. स्टीफन ग्रे पेशाने रंगारी. घासलेल्या काचेच्या नळीतली वीज सुतळीवरून किती लांब जाते हे तो आणि त्याचा मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर पाहत होते. सुतळी रेशमाच्या दोऱ्यांनी टांगलेली होती. रेशीम तुटलं, म्हणून त्यांनी तितकीच बारीक पण मजबूत अशी धातूची तार लावली, आणि प्रयोग फसला. वीज तारेतून निसटून जात होती. टांगणीच्या बारीकपणापेक्षा ती कशाची आहे याला महत्त्व, हे दोघांच्या ध्यानात आलं. मला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ग्रेच्या हातात सुतळी वाहक होती. हीच सुतळी आज वर्गातल्या सेल-बल्बच्या परिपथात तारेऐवजी बांधली, तर बल्ब पेटणार नाही. तिथे हजारो व्होल्टचा दाब आणि अगदी थोडी वीज पुरत होती. इथे दाब दीड व्होल्टचा आणि मागणी मोठी. सुतळी कोणत्या रकान्यात घालायची?

इथे इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशचा विचार कामाला येतो, आणि तो आला एका माशामुळे. टॉर्पेडो नावाचा मासा समुद्राच्या पाण्यात राहून माणसाला विजेसारखा झटका देतो. पण खारं पाणी स्वतःच वाहक. मग सगळी वीज पाण्यातूनच का निघून जात नाही? वीज सर्वांत सोप्या वाटेनेच जाते, ही समजूत तेव्हाही होती. कॅव्हेंडिशचं म्हणणं असं, की ती मिळेल त्या सगळ्या वाटांनी जाते, फक्त सोप्या वाटेने जास्त आणि अवघड वाटेने कमी. त्याने चामड्याचा मासा करून खाऱ्या पाण्यात ठेवला आणि त्याचा झटका अनुभवला. १७७६ मध्ये त्याने आकडेही दिले: ४० कोटी इंच लांब लोखंडी तारेचा जेवढा विरोध, तेवढा एक इंच पावसाच्या पाण्याचा, आणि समुद्राचं पाणी पावसाच्या पाण्याहून १०० पट चांगलं वाहक. उपकरण कोणतं, तर त्याचं स्वतःचं शरीर. झटका कितपत लागला यावरून तो तुलना करी. त्याचं बरंचसं काम तसंच पडून राहिलं. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने ते १८७९ मध्ये छापलं.

मधल्या काळात कोलोनच्या शाळेतले शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून तेच मोजलं आणि १८२७ मध्ये पुस्तकात मांडलं. विभवांतर, धारा आणि रोध यांचं आपण शिकतो ते सूत्र त्यातूनच आलं. जर्मनीत आधी त्यांची कदर झाली नाही; लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ली पदक दिलं.

रोध हा आकडा आहे हे एकदा कळलं, की कोकणातल्या घरामागचा अर्थिंगचा खड्डा वेगळा दिसू लागतो. जांभा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. म्हणून वायरमन खड्ड्यात कोळसा आणि मिठाचे थर देतो, वर पाणी ओतायला सांगतो. खांबावर वैरी असलेलं मीठ इथे मुद्दाम घालावं लागतं, कारण इथे वीज जमिनीत जायलाच हवी असते. अंगाचंही तसंच. कोरड्या त्वचेचा रोध बराच असतो. समुद्रातून ओल्या, खारट अंगाने आलेल्या माणसाचा हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्ट भागिले हजार म्हणजे २३० मिलीअँपिअर. घरातला ईएलसीबी ३० मिलीअँपिअर गळतीलाच वीज तोडतो, कारण त्याहून जास्त धारा हृदयाला सोसत नाही.

गणपतीपुळ्याच्या, शेजारच्या मालगुंडच्या मुलांना कॅव्हेंडिशची तुलना वर्गात करता येईल. जुलैमध्ये पागोळीखाली न धरता उघड्यावर भांडं ठेवून धरलेलं पावसाचं पाणी, विहिरीचं पाणी आणि किनाऱ्यावरचं पाणी, तीन ग्लासांत. नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, दोन खिळे. घरातल्या प्लगला हात लावायचा नाही. खिळ्यांमधलं अंतर तिन्ही ग्लासांत सारखं ठेवायचं आणि उजेड किती पडतो ते वहीत लिहायचं, फळ्यावर रेघ ओढण्याच्या आधी.