राखलेलं फळ

नारायणगावच्या टोमॅटो बाजारापासून थोड्या अंतरावरच्या एका वाडीत दोन जावा शेजारी शेजारी राहत. दोघींच्या घरामागं परसबाग होती. एका उन्हाळ्यात सासूबाईंनी गावरान टोमॅटोचं बी दोघींना सारखं वाटून दिलं आणि सांगितलं, "हे माझ्या सासूनं मला दिलेलं बी आहे. मोडू देऊ नका."

पावसाच्या तोंडावर दोघींनी ते मुरलेल्या शेणखताच्या मातीत जेमतेम झाकलं जाईल इतकंच खोल पेरलं. आठवड्याभरात कोंब वर आले. महिन्यानं वीतभर वाढलेली रोपं वाफ्यात लावली, काठ्यांचा आधार दिला. दसऱ्याच्या सुमाराला दोन्ही बागा लगडल्या.

थोरलीनं टपोरी फळं आल्यागेल्याच्या ताटात वाढली, उरलेली बाजारात विकली. झाडं वाळू लागली तेव्हा तिला बियाण्याची आठवण झाली. करपा पडलेल्या वेलावरची बारकी, अर्धी कच्ची फळं तेवढी शिल्लक होती. तिनं तीच ठेवली.

धाकटीनं आधी सगळा वाफा न्याहाळला. सगळ्यांत निरोगी झाड निवडून त्याच्या भरदार घोसाला लाल चिंधी बांधली. तिची लेक रोज त्या फळांकडे बघून म्हणायची, "आई, एकच दे ना!"

"बाकीची हवी तेवढी तोड, बाळा. ही पुढच्या वर्षाची आहेत."

फळं झाडावरच पूर्ण पिकली. तिनं त्यांचा गर वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबवला, तेव्हा बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटलं. मग पाणी घालून ढवळलं, तरंगलेलं पोचट बी टाकून दिलं, तळाशी बसलेलं धुऊन ताटात सावलीत वाळवलं आणि राखेत घोळून बाटलीत भरलं.

दोघींचा हाच शिरस्ता चालू राहिला. तिसऱ्या पावसाळ्यात थोरलीच्या वाफ्यात निम्मं बीसुद्धा उगवलं नाही. उगवलेल्या रोपांवर लवकरच करप्याचे डाग दिसू लागले. धाकटीची बाग मात्र हिरवीगार होती.

थोरली सासूबाईंकडे गेली. "आत्याबाई, तुम्ही दोघींना एकच बी दिलंत. माती तीच, पाणी तेच. मग माझंच असं का झालं?"

सासूबाईंनी विचारलं, "बियाण्याला कोणती फळं ठेवलीस?"

"शेवटी उरली ती."

"अगं, कच्च्या फळाचं बी नीट भरत नाही आणि रोगट झाडाचा रोग बियाण्यातून पुढच्या पिकात जातो. तू दर साली चांगलं ते संपवलंस आणि वाईट ते पेरलंस. जे पेरलंस तेच वाढलं."

थोरलीनं मान खाली घातली. धाकटी आपली बाटली घेऊन आली आणि अर्धं बी तिच्या ओंजळीत ओतत म्हणाली, "घ्या जाऊबाई. एकाच घरचं बी आहे. दोन बागांत राहिलं, तर एकीकडचं गेलं तरी दुसरीकडं टिकेल."

पुढच्या हंगामात थोरलीनं पहिलं फळ तोडण्याआधी बियाण्याचं झाड निवडलं.

तात्पर्य : सगळं वापरून उरलेलं उद्यासाठी ठेवू नये. हाती आलेल्यातलं उत्तम ते आधी उद्यासाठी राखावं, मग बाकीचं आनंदानं खावं आणि वाटावं.