खरे असले तरी

लक्षद्वीपमधील बित्रा बेटाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अवघी २७१ होती. एवढ्याशा वस्तीत परका कोण? ३ जानेवारी २०२४ रोजी कोचीहून समुद्राखालून लक्षद्वीपपर्यंत नेलेल्या ऑप्टिकल फायबर केबलचे उद्घाटन झाले. मुख्य भूमीसाठी जहाजावर विसंबून असलेल्या या बहुसंख्य मुस्लिम बेटांसाठी ही मोठी सोय आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

परंतु अशा बेटावर कोणाच्या घरातील भांडण मोबाइलवरून पसरले, तर त्याने तोंड कोठे लपवावे? शहरात मोहल्ला तरी बदलता येतो.

"खातरजमा करूनच पाठवले," असे आपण म्हणतो. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहेच. मात्र बाराव्या आयतीत गीबतीलाही सक्त मनाई आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिचा अर्थ स्पष्ट केला आहे: बांधवाच्या ठायी खरोखर असलेली, पण सांगितलेली त्याला न रुचणारी गोष्ट त्याच्या पाठीमागे बोलणे म्हणजे गीबत, नसलेली सांगितली तर ते बोहतान. तेव्हा मजकूर खरा आहे, ही सबब येथे चालतच नाही.

अन्यायाची तक्रार करण्यास उलमांनी मुभा दिली आहे. पण ती न्याय देऊ शकणाऱ्यापुढे, साऱ्या ग्रुपवर नव्हे.

आपल्या कोकणातील एखाद्या जमातीचा ग्रुप पाहा. गावातले, मुंबईतले, आखातातले सारे त्यात असतात. ज्याच्याविषयी लिहिले, त्याची मुलेही.