दुसऱ्या मताचे पैसे कोणी द्यावेत?



'तुकडा तपासायला पाठवला आहे.' आपल्या भंडारा जिल्ह्यात हे वाक्य आता घरोघरी ओळखीचे झाले आहे. खर्रा आणि विडी यांनी तोंडाच्या कॅन्सरला आपल्याकडे वाट करून दिली आहे. तुमसर असो, पवनी असो की लाखांदूर, माणसे निदानासाठी नागपूर गाठतात आणि मग रिपोर्टची वाट पाहत दिवस मोजतात. रिपोर्ट हाती आला की त्यावर पुढचे सारे ठरते. जबडा काढायचा की नाही, स्तन काढायचे की नाही, केमो द्यायचा की नाही, हे सगळे त्या एका कागदावर अवलंबून असते.

हा रिपोर्ट दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा पाहून घ्यावा का? आणि घ्यावा, तर त्याचा खर्च कोणी करावा? पहिला प्रश्न डॉक्टरांचा आणि दुसरा हिशेबाचा वाटतो. आमच्या मते दोन्ही प्रश्न नीतीचे आहेत, म्हणून आज त्यांचा विचार करू या.

आधी हा रिपोर्ट तयार कसा होतो ते पाहू. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. पुढे तो मेणात बसवून त्याची छोटी वडी करतात. तिला ब्लॉक म्हणतात. त्या वडीचे, केसापेक्षाही कितीतरी पातळ असे काप काढून काचेवर ठेवतात आणि रंग देतात. मग पॅथॉलॉजिस्ट ती काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आपले मत लिहितो. साखरेच्या तपासणीत यंत्र आकडा देते, तसे येथे नसते. येथे एक माणूस पाहतो, तुलना करतो आणि निर्णय देतो. बहुतेक वेळा तो निर्णय स्पष्ट असतो. काही वेळा मात्र दोन जाणकारांचेही एकमत होत नाही. चांगली गोष्ट ही, की काच आणि ब्लॉक जपून ठेवलेले असतात. दुसऱ्याने पाहायचे म्हटले तर सहसा रुग्णाला पुन्हा सुई-कात्री सोसावी लागत नाही.

अशा फेरतपासणीने किती फरक पडतो? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने बाहेरून आलेल्या ६,१७१ रुग्णांच्या काचा आपल्या तज्ज्ञांकडून पुन्हा पाहून घेतल्या. त्याचा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. ८६ रुग्णांच्या बाबतीत निदान असे बदलले, की उपचार किंवा आजाराविषयीचा अंदाजच बदलावा लागला. म्हणजे साधारण ७२ जणांमागे एक. उरलेल्या ७१ जणांना मोठा फरक पडला नाही.

येथेच आपली खरी परीक्षा होते. व्यवहारी माणूस म्हणेल, एकासाठी ७१ जणांनी पैसे का घालवायचे? पण तो एक कोण, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. शिवाय ज्यांचे निदान तेच राहिले, त्यांचे पैसे वाया गेले असे आम्हांला वाटत नाही. आयुष्यभराचे अपंगत्व देणाऱ्या शस्त्रक्रियेला सामोरे जाताना 'होय, हे खरेच आहे' असे दोघांनी सांगणे, हीसुद्धा रुग्णाला मिळालेली गोष्टच आहे.

काहींना वाटते, दुसरे मत मागितले तर डॉक्टर रागावतील. दुसरे मत म्हणजे अविश्वास, असा आपला समज आहे. वैद्याचा मुलगा असलेल्या ॲरिस्टॉटलने फार पूर्वी लिहून ठेवले आहे, की मोठ्या गोष्टींत माणूस एकट्याच्या निर्णयावर विसंबत नाही, इतरांना सल्ल्याला बोलावतो. शेताचा सौदा करताना सातबारा आपण दोघा-चौघांना दाखवतो, त्याने तलाठ्याचा अपमान होत नाही. आणि आता हा हक्कही लिहिलेला आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क आहे. त्यासाठी लागणारी कागदपत्रे रुग्णालयाने जादा पैसे न घेता आणि विलंब न लावता द्यावीत, असेही तीत म्हटले आहे. २०१९ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ही सनद राज्यांकडे पाठवली.

हक्क असला तरी खर्च राहतोच. काचा पाहण्याची फी काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जाते. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाची खास तपासणी लागली तर आणखी वाढते. त्यात दोघांचे जाण्या-येण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि मुक्कामाचा खर्च धरा. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला हा खर्च पेलेल का?

नीतिशास्त्रात येथे एक जुना भेद उपयोगी पडतो. प्राण राखण्यासाठी 'साधारण' उपाय करणे माणसावर बंधनकारक आहे, 'असाधारण' उपाय बंधनकारक नाहीत. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांपुढे बोलताना पोप पायस बारावे यांनी स्पष्ट केले, की साधारण काय हे व्यक्ती, स्थळ, काळ आणि परिस्थितीवरून ठरते. ज्याने स्वतःवर किंवा दुसऱ्यावर भारी ओझे पडत नाही, तो उपाय साधारण. याचा अर्थ, तीच काच आणि तेच मत पगारदाराच्या घरी साधारण उपाय ठरेल आणि रोजंदारीवाल्याच्या घरी असाधारण. गरिबाने दुसरे मत घेतले नाही, तर त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण ओझे भारी आहे म्हणून ते त्याच्याच डोक्यावर राहू द्यायचे का? ओझे वाटून घेतले की हलके होते. विमा म्हणजे दुसरे काय? जे एका घराला असाधारण आहे, ते सर्वांनी मिळून साधारण करणे, हाच त्याचा नैतिक अर्थ आहे.

आता आपला विमा काय करतो ते पाहू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि कॅन्सरचे अनेक उपचार तीत येतात. ही फार मोठी सोय आहे. पण अंगीकृत रुग्णालयातून मंजुरी मागताना बायोप्सीचा रिपोर्ट जोडावा लागतो. म्हणजे योजनेचे दार उघडते ते रिपोर्टनंतर. आयुष्मान भारत योजनेत दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा तपासणीखर्च धरतात. खासगी मेडिक्लेममध्ये बहुधा आधीच्या ३० दिवसांचा धरतात. पण दोन्हीकडे अट एकच: त्याच आजारासाठी रुग्ण दाखल झाला पाहिजे.

या अटीचा परिणाम नीट पाहा. दुसऱ्या तज्ज्ञाने 'कॅन्सरच आहे' म्हटले आणि रुग्ण दाखल झाला, तर तपासणीचे पैसे मिळण्याची वाट आहे. पण त्याने 'कॅन्सर नाही' म्हटले, तर रुग्ण घरी जातो आणि बिल त्याच्या खिशातून जाते. ज्या मताने एका माणसाचा जबडा वाचवला आणि विम्याचे लाखभर रुपयेही वाचवले, नेमके तेच मत विम्याच्या बाहेर! ज्याचा लाभ त्याने भार उचलावा, हा न्यायाचा साधा नियम येथे उलटा झाला आहे. अमेरिकेत ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर योजना वर्षाची ठरावीक रक्कम रुग्णाने भरल्यावर शस्त्रक्रियेआधीच्या दुसऱ्या मताचा ८० टक्के मान्य खर्च देते, आणि दोन मते जुळली नाहीत तर तिसऱ्याचाही. तेव्हा ही गोष्ट अशक्य नाही.

लांब कशाला जायचे? जवळच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने ज्वारीचा आरोग्य विमा चालवला. सुगीच्या वेळी गावकरी ऐपतीप्रमाणे ज्वारी देत आणि आजारपणात त्यांना रुग्णालयाचा आधार मिळे. ज्याने पायली दिली पण वर्षभर आजारी पडला नाही, त्याची पायली वाया गेली काय? ती शेजाऱ्याच्या कामी आली. आपल्या ७१ जणांचे पैसेही असेच आहेत.

याला दुसरी बाजूही आहे. मनासारखे उत्तर मिळेपर्यंत दार बदलत राहणे म्हणजे दुसरे मत घेणे नव्हे. त्यात आजार वाढतो. पहिल्या मताप्रमाणे दुसरेही चुकू शकते. म्हणून दोन मते जुळली नाहीत, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे रिपोर्ट दाखवावेत. आणि दोन्ही जुळली, तर विनाविलंब उपचार सुरू करावेत.

तोवर आपल्याला काय करता येईल? रिपोर्टसोबत काचा आणि ब्लॉक लेखी अर्ज करून मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यायची असतात. फेरतपासणीचा सल्ला डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि प्रत्येक बिल जपा, म्हणजे पुढे दाखल व्हावे लागले तर मागणी करता येईल. पॉलिसीत 'दुसरे मत' असे लिहिले असेल, तर ते फक्त कागद पाहून मिळणार आहे की काचही पाहिली जाईल, हे विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत बाहेरच्या काचा आपल्या तज्ज्ञाकडून पुन्हा पाहण्याची पद्धतच आहे. नागपूरच्या रुग्णालयात नाव नोंदवतानाही हे विचारायला संकोचू नका. योजनेत काय बसते, ते आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

आणि ज्यांच्या घरी आज असा रिपोर्ट नाही, त्यांनी शेजारी डोकावावे. एखादे घर काचेची डबी हातात धरून बसचे भाडे मोजत असेल. धानाची सुगी झाली की चार घरांनी मिळून ते भाडे आणि ती फी भरणे आपल्याला जड नाही. सरकार आणि कंपन्या नियम बदलतील तेव्हा बदलतील, त्यासाठी आपण मागणी करत राहू. पण भार वाटून घेण्यासाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.