मलिकुश्शुअरा बहार : गद्याचा इतिहास लिहिणारा कवी

मोहम्मद तकी बहार (१८८६–१९५१) यांना आधुनिक इराणमधील कसीद्याचे, म्हणजे एकाच यमकात बांधलेल्या दीर्घ व भारदस्त काव्यरचनेचे, अखेरचे थोर कवी मानले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि फार्सी विद्येवर त्यांचे सर्वांत मोठे ऋण आहे ते गद्याच्या अभ्यासाचे. त्यांचे वडील सबूरी हे मशहद येथील इमाम रझांच्या दर्ग्याचे राजकवी होते आणि त्यांच्या निधनानंतर ‘मलिकुश्शुअरा’, म्हणजे कविराज, ही पदवी कोवळ्या वयाच्या मुलाकडे आली. १९०६ च्या संविधानवादी क्रांतीने मात्र या दरबारी परंपरेच्या वारसाला पत्रकार आणि पुढे मजलिसचा, म्हणजे संसदेचा, सभासद बनवले. १९२५ मध्ये राजवंश बदलण्यास त्यांनी विरोध केला, तेव्हा मारेकऱ्यांनी त्यांच्याऐवजी चुकून दुसऱ्याच एका पत्रकाराचा जीव घेतला. या बदलातून सत्तेवर आलेल्या रझाशहाच्या कारकिर्दीत त्यांना तुरुंगवास आणि इस्फहानमधील हद्दपारी भोगावी लागली.

राजकारणाची दारे बंद झालेल्या याच काळात बहार जुन्या हस्तलिखितांकडे वळले. जर्मन पुरातत्त्वज्ञ हर्झफेल्ड यांच्याकडून ते पहलवी, म्हणजे इस्लामपूर्व सासानी काळातील फार्सी, शिकले. ‘तारीखे सीस्तान’ या अनाम बखरीचे संपादन करताना तिच्यात वेगवेगळ्या काळांतील लेखकांचे हात आहेत, हे त्यांनी भाषेच्या घडणीवरूनच ओळखले. १९४२ च्या सुमारास तीन खंडांत निघालेल्या ‘सबकशिनासी’चे बीज या दृष्टीत आहे. ‘सबक’ म्हणजे शैली आणि ‘शिनासी’ म्हणजे तिची ओळख. क्रियापदांची रूपे व उपसर्ग, अरबी शब्दांचे प्रमाण, वाक्याची लांबी अशा मोजता येणाऱ्या खुणांवरून गद्याचा काळ ठरवता येतो, हे या ग्रंथाने दाखवून दिले. गद्यालाही स्वतःचा इतिहास असतो, हे काव्याच्या वैभवात रमलेल्या परंपरेला एका कवीने पटवून द्यावे, ही गोष्ट असाधारण आहे.

बहार यांच्या एका निर्णयाशी मात्र सहमत होता येत नाही. खुरासानी, इराकी, हिंदी आणि ‘बाज़गश्त’ (प्राचीनांकडे परतणे) अशी काव्यशैलींची विभागणी त्यांच्यामुळे रूढ झाली, आणि तीत ‘सबके हिंदी’च्या वाट्याला अवनतीचा शिक्का आला. बाज़गश्तच्या संस्कारात वाढलेल्या कवीला सफवी आणि मोगल काळातील गुंतागुंतीची कल्पना कृत्रिम वाटणे स्वाभाविक होते, पण व्यक्तिगत रुची हा इतिहासाचा निकष होऊ शकत नाही. जुहूरीचेच उदाहरण पुरेसे आहे. हा कवी जन्माने बहार यांच्याप्रमाणेच खुरासानचा. तो दख्खनमध्ये आला आणि विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी त्याने लिहिलेले अलंकृत गद्य पुढे हिंदुस्थानात आदर्श म्हणून शिकवले गेले. अशा लेखकाला भूगोलाच्या नावाने वेगळे काढून उणे ठरवताना, सबकशिनासीने स्वतःच शिकवलेली चिकित्सा बाजूला पडते. इराणमध्ये शफीई कदकनी यांनी याच शैलीतील कवी बेदिल याच्यावर आणि भारतात शम्सुर्रहमान फारुकी यांनी या शैलीवर केलेल्या लेखनाने तो निवाडा आता पुष्कळ अंशी फिरवला आहे.

मराठी अभ्यासकाने या वादाकडे परका विषय म्हणून पाहू नये. जुहूरीचे गाजलेले ‘साकीनामा’ हे काव्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला अर्पण केलेले आहे.