कशाला भ्यायचं आणि कशाला नाही



आजच्या वाचनात गीतेच्या अठराव्या अध्यायातला तिसावा श्लोक आला. भगवंत इथे सात्त्विक बुद्धीची ओळख सांगतात. कुठे पुढे व्हायचं आणि कुठे थांबायचं, काय करण्यासारखं आहे आणि काय नाही, कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, बंधन कशात आहे आणि सुटका कशात, हे जिला नीट कळतं ती बुद्धी सात्त्विक. ऐकायला सोपं आहे. पण गेले दोन महिने मी हा श्लोक एका अकरा वर्षांच्या मुलीच्या दातांसमोर धरून बसलोय, म्हणून आज त्याबद्दलच लिहितो.

माझी ताई किन्हीराजाला असते. वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका. भाऊजींची तीन एकर शेती, सोयाबीन आणि तूर. भाची सहावीत आहे. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. २०१३ साली आपल्या पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते, दातही पाहतात. पथकाने सांगितलं, दाढ किडली आहे, दाखवून घ्या. ताई आणि भाऊजी तिला शहरातल्या एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथून कागद मिळाला: एका दाढेचं रूट कॅनाल आणि कॅप, दोन दुधाच्या दाढांना कॅप, आणि पुढे आलेल्या दातांना तारा. एकूण ६५ हजार.

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. तो पुरता हातात पडला असं धरलं, तरी ६५ हजार म्हणजे १३ क्विंटलांहून जास्त सोयाबीन. बियाणं, फवारणी, मजुरी यांचा खर्च वजा न करता.

ताईचा फोन आला. "भाऊ, डॉक्टर म्हणते तारा लावाच लागतीन. खरंच लागतीन का रे? का आपल्याले भेव दाखवून राह्यले?"

तिने पैसे मागितले नाहीत. तिने विचारलं, खरंच लागतं का. म्हणून मला आजचा श्लोक आठवला.

आधी सोपा भाग. किडलेली दाढ. घरात सगळ्यांना वाटत होतं की ती दुधाची आहे, पडेल आणि नवी येईल. ती दुधाची नव्हती. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक दाढ येते. तिच्या जागी आधी दुधाचा दात पडलेला नसतो, त्यामुळे ती कधी आली हे घरच्यांना कळतही नाही. ती कायमची असते, एकदा गेली की गेली. कीड म्हणजे तरी काय? गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्यातून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवत जातं. वरच्या थरात असेपर्यंत सिमेंट भरून भागतं. मज्जेपर्यंत पोचलं की रूट कॅनाल. तिथेही थांबलो तर सूज, पू, आणि शेवटी दाढ काढणं. इथे वाट बघण्यात कसलंच वैराग्य नाही. इथे भ्यायलाच हवं आणि लगेच जायला हवं.

गंमत बघा. घरातली सगळी भीती समोर दिसणाऱ्या दोन दातांची होती. मागे काळी पडलेली दाढ कुणाला दिसत नव्हती, म्हणून तिची भीती नव्हती. माणसाची बुद्धी अशीच चालते, लोकांना दिसतं त्याला आधी घाबरते. पुढच्याच श्लोकात भगवंत राजस बुद्धीबद्दल सांगतात, की तिला करण्यासारखं आणि न करण्यासारखं दिसतं खरं, पण जसं आहे तसं दिसत नाही. मला हे वर्णन फार नेमकं वाटतं.

आता अवघड भाग. तारा.

वाकडे दात म्हणजे आजार का? कधी हो, कधी नाही. हे ठरवायला जगात मोजपट्ट्या आहेत. ब्रिटनमध्ये १९८९ साली एक मापन तयार झालं. त्यात दातांच्या स्थितीच्या पाच पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांत उपचारांची गरज नाही किंवा अगदी थोडी. चौथ्या-पाचव्या पायरीत गरज स्पष्ट. तिसरी सीमेवरची. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत मुलांना मोफत तारा मिळतात त्या याच मापाने. वरचे दात खालच्या दातांपेक्षा ६ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर चौथी पायरी, ९ हून जास्त असतील तर पाचवी. सुळा हाडात अडकला असेल, टाळू जन्मतः दुभंगलेली असेल, तर तीही पाचवी. दात थोडे दाटीवाटीने आलेत, एखादा जरा वळलाय, ही मात्र खालची पायरी. आणि सात ते बाराच्या वयात वरच्या पुढच्या दोन दातांत जी फट दिसते, ती पुष्कळ मुलांमध्ये सुळे आले की आपोआप मिटते. त्या वयात मूल जरा विचित्रच दिसतं. निसर्गाचं काम अर्धवट असतं एवढंच.

म्हणजे "तारा लागतील का" याला मनातून उत्तर देऊन चालत नाही. मोजावं लागतं.

पण आपल्यासारख्या, सकाळी हरिपाठ म्हणणाऱ्या माणसांना इथे एक पळवाट सुचते. शरीर नश्वर आहे, रूपात काय अडकायचं, जसे दात दिले तसे दिले. हे स्वतःबद्दल म्हणावं. दुसऱ्याच्या लेकराबद्दल म्हणण्याआधी भागवताच्या दशम स्कंधातला बेचाळिसावा अध्याय वाचावा. मथुरेच्या रस्त्यावर श्रीकृष्णांना एक दासी भेटते, अंगाला तीन ठिकाणी बाक असलेली. तिचं नावच त्रिवक्रा. आपण तिला कुब्जा म्हणतो. म्हणजे लोकांनी तिच्या व्यंगालाच तिचं नाव करून टाकलं होतं. ती भगवंतांना चंदनाची उटी देते. भगवंत तिला "तू देह नाहीस, आत्मा आहेस" असा उपदेश करत नाहीत. तिच्या पावलांवर आपलं पाऊल ठेवतात, हनुवटीखाली दोन बोटं लावतात आणि तिला सरळ उभी करतात.

भाचीला शाळेत फावडी म्हणतात. ती हसताना तोंडावर हात धरते. हे दुःख मिलिमीटरमध्ये येत नाही, पण ते खोटं नाही. त्या ब्रिटिश मापनातही दिसण्याचा वेगळा भाग आहे, १० छायाचित्रांशी ताडून पाहण्याचा, कारण मापन करणाऱ्यांनाही हे कळलं होतं. ज्या भगवंताला कुब्जेचं वाकणं पाहवलं नाही, त्याचं नाव घेऊन आपण एका मुलीची लाज उडवून लावू शकत नाही.

मग भीती कुठली खोटी? मी ताईला विचारलं, तुला नक्की कसलं भेव वाटतंय? ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पोरीची जात हाय. उद्या पाहुणे येतीन, दात पाह्यतीन." मी विचारलं, मुलगा असता आणि असेच दात असते तर? ती म्हणाली, "तवा नसतं केलं."

मंडळी, या एका उत्तरात सगळं आहे. त्या ६५ हजारांतला काही भाग दाढेसाठी होता, काही मुलीच्या सुखासाठी, आणि काही भाग अजून न आलेल्या पाहुण्यांच्या नजरेसाठी. पहिले दोन खर्च करण्यासारखे. तिसऱ्यासाठी सोयाबीन विकणं किंवा सावकाराच्या दारात जाणं, हे बंधन. बंधन कशात ते ओळखणं हेही सात्त्विक बुद्धीच्याच यादीत आहे.

आमच्याच जिल्ह्यातलं कारंजा तुम्हाला माहीत असेल, श्रीनृसिंहसरस्वती महाराजांचं जन्मस्थान. गुरुचरित्राच्या अकराव्या अध्यायात त्यांचं बालपण येतं. मूल ॐकाराशिवाय काही बोलत नाही. आईवडील कासावीस. गावातले लोक नाना उपाय सांगतात. सात वर्षं अशीच जातात. मग तो बाळच खुणेने सांगतो, माझी मुंज करा, मी बोलेन. मुंजीत तो वेद म्हणू लागतो. याचा अर्थ मूल उशिरा बोलत असेल तर नुसती वाट पाहावी असा नाही, आज तशी शंका आली तर लगेच तपासून घ्यायलाच हवं. मला यात दुसरंच दिसतं. आईची भीती होती, लोकांचे सल्ले होते, पण खूण मुलाने केली आणि आईवडिलांनी ती ओळखली.

म्हणून मी भाचीशी बोललो. तुला काय वाटतं, असं कुणी तिला विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "मामा, माही दाढ रातच्यानं ठणकते. पयले थे पाहा." आणि पुढच्या दातांचं? "पोरी हासतात तवा नको वाटते. मंग खेळता खेळता विसरून जाते मी."

दाढेचं काम त्याच आठवड्यात झालं. तारांसाठी दुसरं मत घ्यायला ते छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेले. असंच महाविद्यालय नागपूरलाही आहे, आणि तिथला खर्च खासगीपेक्षा बराच कमी असतो. ताईला मी चार प्रश्न लिहून दिले होते. केलं नाही तर काय होईल? सहा महिन्यांनी केलं तर काय बिघडेल? यातलं काय आजच हवं आणि काय नको? आणि तारा काढल्यावर पुढे काय?

उत्तरं अशी आली. वरचे दात ७ मिलिमीटर पुढे आहेत, म्हणजे उपचारांची गरज आहे. असे दात पडल्या-धडपडल्यावर मोडण्याची शक्यता जास्त. पण सुळे अजून यायचेत, सहा महिन्यांनी परत या. मात्र दोन-तीन वर्षं रेंगाळू नका, जबड्याच्या वाढीचं वय निघून जाईल. दुधाच्या दोन दाढा आता हलायला लागल्यात, त्यांना कॅप नको. आणि तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून रिटेनर वापरावा लागेल, नाहीतर ते पुन्हा सरकतात.

म्हणजे गरज होती, पण सगळ्याची नाही आणि आजच नाही. एक प्रश्न अजून शिल्लक आहे. कमी खर्चाचा उपचार म्हणजे दीड-दोन वर्षं जवळजवळ दर महिन्याला फेरी. प्रत्येक फेरीला एसटीचं भाडं, एक दिवस शेताला सुट्टी आणि एक दिवस शाळा बुडणार. तोही खर्चच, फक्त कागदावर लिहिलेला नसतो. मी म्हटलं, पैसे मी देतो, जवळ करा. भाऊजी म्हणाले, अर्धे घेईन. सहा महिन्यांत ठरवू.

पैसे पाठवणं मला सोपं आहे, आणि म्हणूनच मी स्वतःला बजावतो. पैशाने "परवडतं का" याचं उत्तर मिळतं, "लागतं का" याचं नाही. इथे पुण्यात, आमच्याच ऑफिसात, पहिल्या पायरीचे दात असलेली माणसं ईएमआयवर अलायनर लावतात, कारण परवडतं. तिकडे गावात चौथ्या पायरीच्या मुलीला लोक सांगतात, राहू दे, देवाने दिलेत तसे, कारण परवडत नाही. दोघंही एकच चूक करतात, खिशाकडे बघून गरज ठरवतात. आधी गरज पाहावी, मग खिसा. आणि गरज खरी असून खिसा रिकामा असेल, तर तो त्या घराचा एकट्याचा प्रश्न राहत नाही. मामा, काका, मित्र, सरकारी दवाखाना, सगळे तिथे लागतात. कुब्जेला सरळ व्हायला दोन बोटांचा आधार लागला होता. आपल्याकडे तेवढी बोटं नक्की आहेत.

आजचा अभ्यास छोटा आहे. घरातल्या मुलासाठी कुठलाही मोठा खर्च समोर असेल, दातांचा, क्लासचा, कशाचाही, तर कागदावर तीन ओळी लिहा. यात भीती कुणाची आहे? नाही केलं तर खरंच काय होईल? आणि ज्याच्यासाठी करतोय, त्याला विचारलं का? मग देवासमोर बसा. उत्तर लगेच येईलच असं नाही. पण प्रश्न तरी बरोबर असेल.

जय हरी.