घर कोणाला द्यावे?

माणसाला माणसापासून दूर ठेवणारी प्रथा कायद्याने मोडता येते काय, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत 1964च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहे व नाट्यगृहे काळ्या नागरिकांना खुली केली. घर विकताना वा भाड्याने देताना वर्ण पाहू नये, असा कायदा मात्र 1968 साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभराने झाला. उपाहारगृहातला शेजार माणूस घटकाभर सोसतो. भिंतीला भिंत लागलेला शेजार त्याला निवडून हवा असतो.

आपल्याकडेही असेच घडले. सी. के. बोले यांच्या ठरावाने 1923 साली मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. तरी 1927 साली महाडला सत्याग्रह करावाच लागला. घराचे दुःख त्याहून खोल. परदेशी विद्या घेऊन बडोद्यास नोकरीला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना जातीपायी सरायीतून बाहेर काढण्यात आले. पुढे माटुंग्यालगतच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले.

अस्पृश्यतेच्या कारणाने घर नाकारणे 1955च्या कायद्याने गुन्हा ठरले. पण आता जात विचारतो कोण? आडनाव विचारले जाते, आहार विचारला जातो. माटुंग्यापासून गिरगावापर्यंत मासळी खाणाऱ्या कुटुंबास ‘जागा गेली’ हे उत्तर नवे नाही. शिवाय अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरवला.

येथे आपणही स्वतःकडे पाहावे. वांद्र्याच्या कॅथॉलिक वसाहती सहकारातूनच उभ्या राहिल्या, आणि लहान समाजाने आपल्या मंदिराभोवती एकत्र राहावे यात आम्हांस दोष दिसत नाही. पण आपल्या माणसांना जवळ करणे वेगळे आणि दाराशी आलेल्याला परतवणे वेगळे. पहिल्यात माया असते. दुसऱ्यात पुष्कळदा केवळ भीती. बेथलेहेमची कथा दरवर्षी गोठा सजवून सांगणाऱ्यांनी तरी हा फरक विसरू नये.

मग कायद्याचा उपयोग काय? कायदा मन बदलत नाही, हे खरे. पण तो भल्या माणसाला आधार देतो. ज्याला घर द्यायचे असते, त्याला ‘सोसायटी काय म्हणेल’ हा धाक असतो. कायदा असेल तर तो म्हणू शकतो, ‘माझा नाइलाज आहे, नियमच तसा आहे.’ जेथे कायदा मुका आहे, तेथे हा आधार नाही. तेथे शेजाऱ्यांची नाराजी आपली आपणच सोसावी लागते.

आपली एखादी खोली रिकामी होईल, तेव्हा येणाऱ्यास भाडे व मुदत यांखेरीज आपण काय विचारतो, याची प्रत्येक कुटुंबाने मनाशी नोंद ठेवावी. श्रद्धेची परीक्षा तेवढ्या एका प्रश्नातही होत असते.