मुलाकतीच्या आदल्या रात्री

उद्या तुरुंगात मुलाकत आहे. पहाटेची एसटी धरायची आहे, पिशवी भरून ठेवली आहे, आधार कार्डाची झेरॉक्स वरच्या कप्प्यात आहे. घरातले झोपले की थोडा वेळ एकट्याने बसा. झोप तशीही लवकर येणार नाही. मग हा तास भीतीला द्यायचा की आत असलेल्या आपल्या माणसाला, एवढं तरी आपल्या हातात आहे.

त्याचं नाव मनात घ्या. कागदावरचं, बापाच्या नावासकट, आडनावासकट असलेलं नको. घरात ज्या नावाने हाक मारता ते. नाव घेतलं की सावकाश चेहरा येऊ द्या. पोलिसांनी नेलं त्या दिवसाचा चेहरा आधी येईल, तो जाऊ द्या. त्याच्या मागे जुने चेहरे आहेत. हळद काढताना उन्हात रापलेला, जेवताना मान खाली घातलेला, लहानपणी तापाने फणफणलेला. त्यातल्या एकापाशी थांबा.

मध्येच प्रश्न येईल की याने खरंच केलं का? आजच्या रात्रीपुरता तो बाजूला ठेवा. तो प्रश्न कोर्टापुढे आहे, तिथे त्याला वकील आहेत, साक्षीदार आहेत, तारखा आहेत. ज्याच्या हातून खरोखर वाईट घडलं त्यालाही रात्री थंडी वाजते, त्यालाही आईची आठवण येते. ज्या घराचं नुकसान झालं त्या घरातही आज कुणी जागं असेल. त्यांचंही दुःख मनात असू द्या. एकाबद्दल कळवळा वाटला म्हणून दुसऱ्याबद्दलचा कमी होत नाही.

हिंगोलीहून परभणीच्या कारागृहाकडे जाणारी एसटी औंढ्यावरून जाते. औंढा नागनाथाच्या देवळातली गोष्ट आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. नरसीचा नामदेव गुरूच्या शोधात तिथे आला, तर विसोबा खेचर नावाचा एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. पाय काढ म्हटल्यावर तो म्हणाला, जिथे देव नाही अशा जागी तूच उचलून ठेव. नामदेवाने पाय ज्या ज्या जागी ठेवले तिथे तिथे पिंड उभी राहिली. ही गोष्ट आपण देवळापुरती ऐकतो. आज ती पुढे न्या. देवळाच्या दगडापासून रस्त्यावर, रस्त्यावरून परभणीत, कारागृहाच्या मोठ्या दारापर्यंत, दारातून बराकीत, जिथे माणसं खांद्याला खांदा लावून पथाऱ्या पसरतात तिथपर्यंत. तिथे पाय ठेवायला देवावाचून मोकळी जागा आहे का ते पाहा. देव मानत नसाल तर देवाच्या जागी माणुसकी म्हणा, मनन तेच राहील.

आता त्याच्या दिवसाचा विचार करा. आत घेताना अंगझडती होते, अंगावरच्या खुणा लिहून घेतात, डॉक्टर तपासतात, पैसे आणि दागिने जमा होतात. मोबाईल नाही. संध्याकाळ आपल्यापेक्षा लवकर होते, कारण उजेड असतानाच गिनती होऊन बराक बंद होते आणि मग सकाळपर्यंत दार उघडत नाही. आपल्याकडे चुलीवर भाकरी पडते त्या वेळेला त्याची रात्र सुरू झालेली असते. दिवे मात्र रात्रभर चालू. पहिले काही दिवस सगळ्यांत अवघड जातात. त्या दिवसांत त्याने आपली केस कुणापुढे उगाळू नये, कुणाकडून उसनं घेऊ नये, न वाचता कशावर अंगठा किंवा सही देऊ नये. बीपीची, फिट्सची, मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरला पहिल्याच तपासणीत सांगावी. गोळ्यांची चिठ्ठी घरी असते हे विसरू नका, उद्या तिची प्रत बरोबर न्या. आणि तो कधी ‘आता जगून काय करू’ म्हणाला, तर ते बोलणं रागाचं समजू नका. परत निघण्याआधी अधिकाऱ्यांना आणि तिथल्या डॉक्टरांना सांगूनच निघा.

शिक्षा झालेल्याला निदान शेवट मोजता येतो. ज्याचा खटला अजून चालायचाच आहे त्याला तेही नाही. 2022 च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी तीन अशीच होती, निकालाची वाट पाहणारी. शेवट न दिसणारा काळ एकदम अंगावर घेतला की माणूस खचतो. म्हणून त्याचे लहान तुकडे करायचे. आपल्या मराठीला तुरुंगातून जे मिळालं ते असंच मिळालं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. आठवड्याला एक अध्याय, अठरा अध्याय. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. आत राहून ते आईपाशी बसले होते. तुमच्या माणसाने पुस्तक लिहावं असं मी म्हणत नाही. त्याला रविवार हवा आहे. आठवड्यातली एक ठरलेली गोष्ट, जी कोर्टाच्या तारखेवर अवलंबून नाही. कुणाला पत्र लिहिणं, सोबतच्या निरक्षर माणसाला सही शिकवणं, हरिपाठ, व्यायाम, काहीही.

टिळकांचा मंडालेचा तुरुंग आठवतो तेव्हा आपल्याला ‘गीतारहस्य’ आठवतं. 1910-11 च्या हिवाळ्यात, पानं मोजून बांधून दिलेल्या वह्यांत, पेन्सिलीने लिहिलेलं. मला त्याच मंडालेतलं 1912 साल जास्त जवळचं वाटतं. त्या वर्षी पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. टिळक हजारो मैलांवर कोठडीत होते आणि शिक्षेची दोन वर्षं अजून उरली होती. एवढ्या ज्ञानी माणसालाही बायकोला खांदा देता आला नाही. आत असलेल्याचं हे दुःख बाहेरच्याला लवकर समजत नाही. घरातलं मरण, मुलीचं लग्न, पोराचा दहावीचा निकाल, सगळं त्याच्याशिवाय होऊन जातं. आज कायद्यात थोडी वाट आहे. शिक्षा झालेल्याला नियमात बसलं तर अभिवचन रजा किंवा संचित रजा मिळते, खटला चालू असलेल्याला कोर्टाकडे तात्पुरता जामीन मागता येतो. असा प्रसंग आला तर रडत बसण्याआधी वकिलाला फोन करा, कारण अर्ज वेळेत गेला तरच उपयोग.

आता उद्याची मुलाकत. कुठे मध्ये जाळी असते, कुठे काच आणि दोन्ही बाजूंना फोनचा रिसीव्हर. शेजारी आणखी चार घरं आपापल्या माणसाशी मोठ्याने बोलत असतात. एका बाईचं बोट काचेवरून नवऱ्याच्या गालाच्या जागी फिरत असतं आणि तोंडाने ती विचारत असते, ‘वकिलाचे किती द्यायचे?’ असं पुष्कळ घरांचं होतं. मिनिटं थोडी, आणि ती सगळी केस खाऊन टाकते. केसचं सुरुवातीलाच, कागदावर लिहून नेलेलं, पटकन सांगून टाका. तारीख कधी, वकील काय म्हणाले, पैसे पाठवले की नाही. उरलेला वेळ घराला द्या. म्हैस व्याली का, कयाधू नदीला पाणी आलं का, वसमतच्या बाजारात हळदीला काय भाव लागला, धाकटीचा कोणता दात पडला. हे ऐकताना तो घडीभर घरी असतो.

मोठी वाईट बातमी मात्र लपवू नका. तुमच्या गावाकडचा कुणी आत येईल आणि त्याच्या तोंडून त्याला कळेल, मग तुमच्या चांगल्या बातम्यांवरचाही त्याचा विश्वास जाईल. मुलांचंही तसंच. ‘बाबा पुण्याला कामाला गेलेत’ हे शाळेत एका दिवसात उघडं पडतं. लेकराला त्याच्या वयाला झेपेल तेवढं खरं सांगा, आणि हेही सांगा की यात तुझी काही चूक नाही. महाराष्ट्रातल्या काही कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा कार्यक्रम होतो, त्यात मुलांना आईबापाला मिठी मारता येते. तुमच्याकडे कधी आहे ते विचारून ठेवा. आत असलेली बाई असेल तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्यापाशी राहू शकतं. त्याला बाहेर ठेवायचं की आत, याचा निर्णय तिला विचारून घ्या. नातेवाईक तो परस्पर घेतात, हे मला पटत नाही.

श्वास थोडा संथ झाला असेल तर आता हातात काय आहे ते पाहू. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे, घरचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 ला फोन करा. जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी माणूस आत राहिला, तर महिनाभराने कोर्टाने अटी सैल करायचा विचार करावा असं सुप्रीम कोर्टाने 2023 च्या जानेवारीत सांगितलेलं आहे. त्याच वर्षी गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजना आली. जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी जिल्ह्यातल्या समितीमार्फत मदत मिळू शकते; सुरुवातीला तिची मर्यादा जामिनासाठी 40 हजार आणि दंडासाठी 25 हजार होती, आता किती आहे ते विचारून घ्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 लिहून ठेवा. आधी कधी शिक्षा न झालेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश एवढा काळ आत काढला, तर त्याला सोडण्याची त्यात तरतूद आहे. इतरांसाठी निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल किंवा एकाहून जास्त खटले असतील तर ते लागू होत नाही. पण जे या तरतुदीत बसतात त्यांचा अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानेच कोर्टाकडे करायचा असतो, आणि सुप्रीम कोर्टाने हे जुन्या खटल्यांनाही लागू केलं आहे. ‘साहेबांना भेटवतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नका. त्याच्या नादी लागून विकलेला एकर परत येत नाही.

या सगळ्यात एकजण राहून जातो. तुम्ही. गावात लोक बोलायचे थांबतात, लग्नाच्या पंगतीत शेजारची जागा रिकामी राहते, किराणावाला उधारी बंद करतो. गुन्हा कुणाचा, शिक्षा कुणाला, असं रात्री वाटतं. वाटू द्या. त्याच्यावर रागही येत असेल, तोही येऊ द्या. राग असलेलं माणूससुद्धा मुलाकतीला जाऊ शकतं. पण दर फेरीला एकट्यानेच जायचं नाही. एक महिना भावाने, एक महिना मेव्हण्याने, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी पत्राला. आणि उद्या निघताना खाऊन निघा. आत तो तुमच्या गालांकडेच बघणार आहे.

शेवटी तो दिवसही मनात आणून ठेवा, ज्या दिवशी तो सुटेल. कागद पोचायला उशीर झाला तर सुटका संध्याकाळी होते, तेव्हा दारात थांबायला दोन माणसं आणि परतीच्या गाडीची सोय ठेवा. घरी आल्यावर काही दिवस तो अंधारात झोपणार नाही, दिवा राहू द्या. दार बंद केलं की उठून बघेल, बघू द्या. आत काय झालं ते विचारू नका, तो सांगेल तेव्हा कामं बाजूला ठेवून ऐका. पाहुण्यांना आठवडाभर थांबवा. मग आधार, बँकेचं खातं, रेशन कार्डावरचं नाव, पोलीस ठाण्यातली हजेरी असेल तर तिचे वार, हे एकेक करून लावून घ्या, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे घरातलं एखादं काम द्या, जे तो नसताना तुम्ही करत होता.